शीग लावलेलं पेट्रोल

मी एक जुनी गाडी आहे. चार दारं, चार चाकं आणि रंग पांढरा. पांढरा म्हणजे कागदोपत्री पांढरा. डोळ्यांनी बघाल तर दुसरबीडच्या धुळीने माझा कधीच चहासारखा रंग करून टाकलाय. हसू नका. माझ्या वयाच्या कितीतरी गाड्या आज भंगारवाल्याच्या आवारात एकीवर एक पडून आहेत आणि मी मात्र बुद्धविहाराशेजारच्या कडुनिंबाखाली ऐटीत उभी आहे. कुणामुळे उभी राहिले, तेच तुम्हाला सांगायचं आहे. मित्रांनो, ऐकताना घाई करू नका. या वयात मलाही घाई जमत नाही.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्यांचा मोठा तोरा होता. आमच्या आधीच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. थंडीत चोक ओढा, धक्का मारा, मग कुठे त्या खोकत खोकत चालू व्हायच्या. आमचं तसं नव्हतं. आमच्या टाकीत, पेट्रोलच्या आतच, एक छोटी मोटर बसवलेली असते. ती पेट्रोल पुढे ढकलते. इंजिनावर बसलेले इंजेक्टर ते धुक्यासारखं बारीक फवारतात आणि किती फवारायचं हे एक लहानसा संगणक ठरवतो. शेतातल्या फवारणीपंपाचं नोझल तुम्ही पाहिलं असेल. त्यात कचरा अडकला की फवारा जातो आणि नुसती पिचकारी उरते. माझ्या पोटातलं यंत्रही असंच नाजूक आहे, एवढं लक्षात ठेवा.

माझे पहिले मालक शहरातले. त्यांनी मला दर रविवारी धुतलं, पुसलं, आणि नवी गाडी आली तेव्हा मागे वळूनही न बघता विकून टाकलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिथेच माझं नशीब उघडलं. मला घेतलं धम्मरत्नने. तो शहरात नोकरीला होता आणि त्याचे वडील माणिकराव त्याच वर्षी निवृत्त झाले होते. आयुष्यभर एसटी चालवलेला बाप आता काय घरात बसून राहणार, म्हणून त्याने मला गावी आणून वडिलांच्या दारात उभं केलं. त्याच्या आईने, बनाबाईंनी, मला झेंडूचा हार घातला, आरशाला निळी रिबीन बांधली आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पहिल्या मालकाने मला साबण लावला होता, पण पेढे नव्हते वाटले.

माणिकरावांचं आणि माझं सुरुवातीला जमलं नाही. एसटीचं ते परातीएवढं स्टिअरिंग फिरवलेला माणूस; माझं हातात घेतलं आणि म्हणाले की हे तर लेकराचं खेळणं आहे. डिझेलच्या धडधडीची त्यांच्या कानांना सवय, त्यामुळे मी चालू आहे की बंद हेच त्यांना कळायचं नाही. चालू असताना पुन्हा किल्ली फिरवायचे आणि मी किंचाळायचे. पण माणूस रस्त्याचा पक्का. खड्डा आला की मला अलगद काढायचे, गुरं आडवी आली की शिव्या न देता थांबायचे. हळूहळू मी त्यांची झाले, आणि त्यांच्यामुळे गावाची.

कारण माणिकरावांचा एक नियम होता. गाडी अडल्यानडल्याची. कुणाची लेक बाळंतपणाला अडली, कुणाचा पोरगा परीक्षेला निघाला आणि बस चुकली, तर माणिकराव किल्ली घेऊन तयार. भाडं एक पैसा नाही. फक्त जेवढं पेट्रोल जळलं तेवढं परत टाकायचं. कुणी भलेपणाने जास्त टाकायला गेलं तर ते पंपावरच हात वर करायचे, आणि चिडायचे सुद्धा. मी काय काळीपिवळी लावली का, असं विचारायचे. कोणत्या गावाला किती जळतं हे त्यांना तोंडपाठ होतं. नेलं तेवढंच यायचं, थेंब इकडे नाही की थेंब तिकडे नाही. ते स्वतःही कधी टाकी भरत नसत. उभ्या गाडीत पेट्रोल ठेवलं की उडून जातं, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे माझा काटा कायम लाल रेघेवर. नावलौकिक सगळ्या गावात आणि पोटात मात्र कावळे ओरडतायत, अशी माझी अवस्था होती.

आता बेबीताईबद्दल सांगते. ही गोष्ट खरं तर तिचीच आहे.

बेबीताई आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहते. ब्लाउज शिवते. तिची शिवणाची मशीन आणि तिची जीभ, दोन्ही दिवसभर चालू. तीन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी जालन्याला येऊन रक्त धुवून घ्यायचं, आणि यात खाडा चालणार नाही. एसटीने जायचं म्हणजे सिंदखेड राजाला गाडी बदला, उभ्याने जा, आणि परतताना तर अंगात काडीचाही जोर नाही. ती एकदा बसस्टँडवर चक्कर येऊन पडली. ते कळलं त्याच दिवशी माणिकराव तिच्या ओट्यावर गेले आणि म्हणाले, मंगळवार-शुक्रवार गाडी तुझी, आता यावर बोलायचं काम नाही. ती बोललीच. ती म्हणाली की पेट्रोल माझं, नाहीतर मी बसणार नाही. दोघंही एकाच मातीची.

तेव्हापासून ती माझ्या मागच्या सीटवर बसते, उजव्या खिडकीशी. बसताना सीटवर थाप मारते आणि म्हणते, चाल म्हातारे. मी तिच्याहून किती लहान आहे, आणि म्हातारी मी. पण तिच्या तोंडून मला ते गोड लागतं. जाताना ती सगळ्या गावाची उणीदुणी काढते. येताना मात्र सिंदखेड राजाच्या अलीकडेच झोपते. डोकं काचेला टेकतं, तोंड थोडं उघडं राहतं. तेव्हा माणिकराव हॉर्न वाजवत नाहीत. मीही जमेल तितकं हळू चालते. मित्रांनो, दुखणाईत माणसाने आपल्या भरवशावर झोपावं, याहून मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिलेली नाही.

आणि तीच शाबासकी मी गमवायला निघाले होते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मला उचक्या लागायला लागल्या. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढ आला की दम लागायचा. झटके बसायचे. एक दिवस चढाच्या मध्यावर बंदच पडले. जरा वेळ थांबून किल्ली फिरवली की चालू, जणू काही झालंच नाही. माणिकरावांनी मला एका मिस्त्रीला दाखवलं, त्याने प्लग बदलले. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने सांगितलं की सेन्सर गेलाय, सेन्सर बदलला. तिसऱ्याने इंजेक्टर साफ करायचं औषध बाटलीभर टाकीत ओतलं आणि म्हणाला, आता पळवा. मी पळाले, आणि पुढच्याच चढाला बसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं की दुखतंय कुठे.

पण एक जण ऐकत होती. बेबीताई आता परतताना झोपत नव्हती. डोळे मिटायचे, पण कान जागे. ती दरवेळी माणिकरावांना सांगायची की बंद पडायच्या आधी माझ्या सीटखाली काहीतरी कण्हतं. माणिकराव हसायचे. "बेबी, इंजिन पुढं अस्ते," ते म्हणायचे. "मागं नुसती डिक्की हाय." एसटीत सगळा जन्म इंजिन त्यांच्या गुडघ्याशेजारी धडधडत होतं. सीटखाली मोटर असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिने दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, मग तीही गप्प बसली.

मग तो शुक्रवार आला. सिंदखेड राजाच्या पुढची टेकडी चढताना मी थांबले ते थांबलेच. किल्ली फिरवून फिरवून बॅटरीही उतरली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. बसेस येत होत्या, पण लग्नसराईचे दिवस, एकीतही पाय ठेवायला जागा नाही. माणिकराव रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात करत होते. शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला आणि बेबीताई पोत्यांशेजारी बसून जालन्याला गेली. पोचेपर्यंत तिचा नंबर निघून गेला होता आणि तिच्या मशीनवर दुसरा पेशंट लागला होता. संध्याकाळी ती तशीच परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चेहरा आणि पाय सुजलेले, श्वास अर्धा. गावातल्या एका जीपने तिला नेलं. वाचली. पण फार थोडक्यात वाचली.

पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला दवाखान्यातच ठेवलं, आणि घरी आल्यावर ती बनाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिथेच होते, मला दोरी बांधून ओढत आणलं होतं. ती नेहमीच्या आवाजात बोलली नाही. "आता मी जात नाही, बनाबाई," ती म्हणाली. "लोकायले किती तरास द्यायचा. झालं तेवढं लय झालं."

हे माणिकरावांनी दारातून ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. धम्मरत्नचा फोन आला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, बाबा, भंगारात देऊन टाका, असल्या गाडीत आता कुणाला बसवू नका. त्याचं काय चुकलं? दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आला. त्याने माझ्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं, बाजारात खरबूज बघतात तसं, आणि सोमवारी घेऊन जातो म्हणाला. माझी भीतीने गाळण उडाली. पण खरं सांगते, भंगाराच्या भीतीपेक्षा एक विचार जास्त छळत होता. मी गेले की बेबीताई एसटीने जाणार नाही, हे मला माहीत होतं. ती जाणारच नाही.

बनाबाईंनी मात्र हात टेकले नाहीत. त्या म्हणाल्या की बैल विकायच्या आधीसुद्धा ढोराच्या डॉक्टरला एकदा दाखवतात, मग ही तर आपल्या दारातली गाडी. देऊळगाव राजाला चंद्रशेखर नावाचा मिस्त्री आहे, त्याच्याकडे न्या आणि मग काय करायचं ते करा. माणिकराव नाइलाजाने तयार झाले, माझी बॅटरी चार्ज करून आणली. निघताना बेबीताई काठी टेकत आली आणि मागच्या सीटवर बसली. माणिकराव म्हणाले, तू कशाला? ती म्हणाली, "दुखनं मी ऐकलं हाय. सांगाले मीच पाह्यजे."

चंद्रशेखर हा कमी बोलणारा माणूस. त्याने आधी संगणकाला यंत्र जोडलं. यंत्राने सांगितलं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. मग त्याने पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं घड्याळ लावलं. दाब एकदम बरोबर. त्याने बोनेटवर कोपरं टेकली, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला की काही समजत नाहीये. मला तो तेव्हाच आवडला. न समजता नवा भाग बदलणारे मी तीन बघून आले होते.

तेव्हा बेबीताईने तोंड उघडलं. तिने सांगितलं की सीटखाली आवाज येतो, चढावर येतो, आणि मग गाडी बंद पडते. "माही सिलाईमशीन कोरडी पडली की अशीच कन्हते," ती म्हणाली. माणिकरावांनी मान खाली घातली. चंद्रशेखर हसला नाही. त्याने विचारलं, काटा तेव्हा कुठे असतो? ती म्हणाली, काटा तर नेहमीच लालवर असतो.

त्याने ते घड्याळ लांब नळी लावून माझ्या काचेबाहेर चिकटवलं, आतून दिसेल असं. बेबीताईला मागे बसवलं आणि मला गावाबाहेरच्या चढावर काढलं. निम्म्या चढावर ती म्हणाली, कण्हायला लागली बघा. त्याच क्षणी घड्याळाचा काटा खाली आला आणि मला उचकी लागली. चंद्रशेखरने हळूच मला वळवलं. गॅरेजवर येऊन त्याने मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं आणि टाकीतली मोटर बाहेर काढली. तिच्या तळाची जाळी काळीकुट्ट. गंज, माती, वर्षानुवर्षांचा गाळ. माणिकराव वाकून बघत राहिले. इतकी वर्षं ही इथे होती, हे त्यांना पटेना.

मग त्याने समजावून सांगितलं. ही मोटर पेट्रोलात बुडालेली राहिली तरच थंड राहते. टाकीत घोटभर पेट्रोल असलं आणि चढ आला की ते घोटभरही मागे सरकतं. मोटर हवा ओढते, तळाचा गाळ ओढते, तापते आणि दम सोडते. जरा थांबलं की थंड होते, म्हणून पुन्हा चालू. सपाट गॅरेजमध्ये कसं कळणार? शेवटी त्याने विचारलं, या टाकीत कधी अर्ध्यापर्यंत तरी पेट्रोल होतं का? त्याने नवी मोटर बसवली, टाकी धुतली, इंजेक्टर साफ केले, आणि निघताना एवढंच म्हणाला की हिला पुन्हा उपाशी ठेवाल तर ही मोटरही जाईल, अर्धी टाकी ठेवत जा.

येताना मी चढ असे चढले की विचारू नका. पण माणिकरावांना त्याचा आनंद नव्हता. त्यांचा नियम, ज्याचा त्यांना एवढा अभिमान, त्यानेच मला आजारी पाडलं होतं. घरी आल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. बनाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले की मी कुणाला जास्त टाका म्हणणार नाही. ते भाडं झालं. लोक म्हणतील, म्हातारपणी माणिकने धंदा मांडला. आणि सगळा भार आपणच घ्यायचा तर आपल्याच्याने किती दिवस निभेल? त्यापेक्षा सोमवारी भंगारवाल्याला नेऊ दे.

बनाबाई तेव्हा पीठ काढत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी पाहुणे आले होते तेव्हा त्यांनी बेबीताईकडून वाटीभर पीठ उसनं आणलं होतं, ते परत द्यायचं होतं. आमच्याकडे उसनं परत देताना वाटी सपाट देत नाहीत. काठाच्या वर पिठाचा डोंगर करतात. त्याला शीग म्हणतात. बनाबाईंनी वाटी काठोकाठ भरली, वर हाताने शीग लावली आणि ती वाटी नवऱ्याच्या समोर आणून धरली.

"आता ही शीग म्हंजे का भाडं झालं?" त्यांनी विचारलं. "बेबीनं मले पीठ इकलं का?"

माणिकरावांनी वाटी हाताने बाजूला सारली.

"तुमी जलमभर देनं शिकले," बनाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता. "घेनं नाही शिकले. लोकायलेबी वाटते ना, आपन शीग लावावी म्हनून. तुमी त्याह्यचा हात धरून ठेवता."

एवढं बोलून त्या वाटी घेऊन बेबीताईकडे गेल्या. माणिकराव उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या टपावर हात ठेवून उभे राहिले. पहिल्या दिवशी मला खेळणं म्हणणारा तोच हात. मी तेव्हा बंद होते, पण मला सगळं कळत होतं.

सोमवारी भंगारवाला आला. बनाबाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मंगळवारी बेबीताई येईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. माणिकराव मला चालू करून तिच्या दारात घेऊन गेले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. आतून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. जरा वेळाने ती बाहेर आली, पिशवी घेऊन, आणि सीटवर बसली. थाप मारली. चाल म्हातारे.

पेट्रोलपंपावर नेहमीसारखं झालं. आकडा जालन्यापुरता झाला आणि सवयीने माणिकरावांचा हात वर गेला. तेवढ्यात मागची काच खाली आली. "शीग लाव, बापू," बेबीताई पंपावरच्या माणसाला म्हणाली. त्याला काही कळलं नाही. तो माणिकरावांकडे बघायला लागला. माणिकरावांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि वर गेलेला हात सावकाश खाली आणला. डोळ्यांत कचरा गेल्यासारखे ते डोळे पुसत होते. माझ्या टाकीत पेट्रोल पडत राहिलं. इतकं पेट्रोल मी किती वर्षांनी प्याले, सांगता येत नाही.

आता गावात सगळ्यांना ठाऊक झालंय. गाडी न्या, जळलं तेवढं टाका आणि वर शीग लावा. कुणी कमी लावतं, कुणी जास्त, ज्याच्याकडे नसतं तो नाही लावत, आणि माणिकराव कुणाला विचारत नाहीत. पण माझा काटा त्या दिवसापासून लाल रेघेवर आलेला नाही. सगळ्या गावाची शीग माझ्या पोटात आहे आणि त्या शिगेत माझी मोटर थंड बसून आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना बोलता येत नाही, पण त्या कण्हतात. तुमच्या घरातला पंखा, आजोबांची सायकल, शेतातला पंप, कुणी कण्हत असेल तर दुर्लक्ष करू नका. आणि जो ऐकून सांगतो त्याला हसू नका. कुणाचं काही वापरायला आणलंत तर परत देताना शीग लावा. आणि तुम्हाला कुणी शीग लावून दिली, तर माझ्या माणिकरावांसारखं हात वर करू नका. घ्या. घेण्यातही माणुसकी असते. मी घेतली, म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. बनाबाईंचे, चंद्रशेखरचे आणि त्या सगळ्या हातांचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत, फक्त चालत राहता येईल.

परवाच्या शुक्रवारचं सांगते आणि थांबते. जालन्याहून परतत होतो. बेबीताईचं अंग थकलेलं. ती थोडा वेळ कान देऊन बसली, सीटखाली काही ऐकू येतं का बघत. काहीच नव्हतं. मग तिचं डोकं काचेला टेकलं, तोंड थोडं उघडं राहिलं. पुढे त्याच टेकडीचा या बाजूचा चढ आला, जिच्यावर मी तिला उन्हात सोडलं होतं. माणिकरावांनी आरशातून मागे बघितलं आणि गिअर बदलला. मी तो चढ चढले, आणि ती उठली नाही.